वादग्रस्त गेम समीक्षकाची पहिली वर्षं : कमी गुण, कॉपीराइट आणि जपून ठेवलेलं फुटेज

प्रश्न थोडक्यात असा आहे : "जिम स्टर्लिंग किंवा त्यांच्यासारख्या समीक्षकांचा सुरुवातीचा काळ पाहिला, तर मोठ्या गेम्सना कमी गुण देऊन आणि कंपन्यांशी भांडूनच ते नावारूपाला आले असं वाटतं. माझ्या यूट्यूब चॅनेलवर आठ व्हिडिओ आहेत, बघणारं कुणी नाही. पुढच्या मोठ्या गेमला मुद्दाम चार-पाच गुण देऊन पाहू का? आणि कंपनीनं कॉपीराइट स्ट्राइक टाकला तर चॅनेल जातं का?"

मुद्दाम गुण कमी देऊ नका. स्ट्राइक (कॉपीराइटच्या तक्रारीवरून यूट्यूबनं दिलेली ताकीद) एक आला तर चॅनेल जात नाही, तीन आले तर जाऊ शकतं. पण एवढ्यानं तुमचं काम भागणार नाही, कारण अडचण निराळीच आहे. वाद झाला की लोक येतात हे खरं. आलेले लोक मग तुमचे जुने आठ व्हिडिओ उघडतात आणि कंपनीचा वकील तुमचं एकेक वाक्य तपासतो. त्या दिवशी तुमच्याकडे काय तयार असेल, हा खरा प्रश्न आहे. ज्यांची नावं तुम्ही घेता, त्यांच्याकडे वाद होण्याआधीच पुष्कळ काही तयार होतं.

गेम समीक्षक स्टर्लिंग यांचंच बघा. (आज ते नाव जेम्स स्टेफनी स्टर्लिंग असं लिहिलं जातं.) सुरुवात व्हिडिओनं झालेली नाही. डिस्ट्रक्टॉइड या गेमविषयक संकेतस्थळावर कित्येक वर्षं बातम्या, लेख, परीक्षणं असा लेखनाचा रतीब घातला गेला. 'द जिमक्विझिशन' ही साप्ताहिक मालिका २०११ पासून द एस्केपिस्ट या संकेतस्थळावर दिसू लागली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये तिथली नोकरी सोडून पेट्रिऑनवरच्या प्रेक्षकांच्या वर्गणीवर स्वतंत्र काम सुरू झालं. 'झीरो पंक्च्युएशन' ही परीक्षण-मालिका करणारे बेन 'यात्झी' क्रॉशॉ यांचा पहिला व्हिडिओ २००७ चा, 'द डार्कनेस' या गेमच्या डेमोवरचा. पण 'फाइव्ह डेज अ स्ट्रेंजर' हा स्वतः बनवलेला ॲडव्हेंचर गेम २००३ मध्येच त्यांच्या नावावर होता. कोडं कुठे फसतं हे त्यांना बनवणाऱ्याच्या बाजूनंही माहीत होतं. 'अँग्री व्हिडिओ गेम नर्ड' हे पात्र रंगवणारे जेम्स रॉल्फ यांनी 'कॅसलव्हेनिया २' या गेमवरचा व्हिडिओ २००४ मध्ये मित्रांसाठी गंमत म्हणून केला, तो यूट्यूबवर आला २००६ मध्ये. आधी त्यांच्या पात्राच्या नावात 'निंटेंडो' हा शब्द होता. ट्रेडमार्कची कटकट नको म्हणून तो बदलून 'व्हिडिओ गेम' केला गेला. चॅनेलच्या नावात कंपनीचं किंवा गेमचं नाव घालायचा मोह होत असेल, तर हे आठवा.

आता गुणांबद्दल. स्टर्लिंग यांनी डिस्ट्रक्टॉइडवर 'असॅसिन्स क्रीड २'ला ४.५ आणि 'फायनल फँटसी १३'ला ४ गुण दिले, त्यावर गदारोळ झाला. तेवढंच लक्षात राहतं. पण त्याच सुमारास, २०१० मध्ये, 'डेडली प्रेमोनिशन'ला त्याच लेखणीतून १० पैकी १० मिळाले होते, ज्या गेमला आयजीएन या संकेतस्थळानं २ दिले होते. मुद्दाम उलटं बोलणारा माणूस फक्त खाली ओढतो. इथे आवड एकच आहे आणि ती दोन्ही दिशांना तितक्याच जोरानं जाते. दहा-पंधरा परीक्षणांनंतर प्रेक्षकाला तुमच्या आवडीचा नकाशा कळायला लागतो : हा माणूस कथेसाठी बरंच काही माफ करतो, पण कंट्रोल्स ढिसाळ असले तर अजिबात नाही. हा नकाशा तयार होण्याआधी दिलेले चार गुण कुणालाच काही सांगत नाहीत.

कमी गुणांनी लोक एवढे का चिडतात, हेही समजून घ्या. मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर निवडक समीक्षकांच्या परीक्षणांची भारित सरासरी निघते आणि गेमसाठी ७५ किंवा जास्तला हिरवा, ५० ते ७४ पिवळा, त्याखाली लाल असा रंग लागतो. त्या आकड्यावर खरे पैसे अवलंबून असू शकतात. 'फॉलआउट : न्यू व्हेगस'च्या वेळी तो बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला बोनससाठी ८५ हवे होते, मिळाले ८४. मार्च २०१७ मध्ये स्टर्लिंग यांनी 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'ला १० पैकी ७ दिले आणि गेमची सरासरी ९८ वरून ९७ वर आली. त्यावर त्यांचं संकेतस्थळ हल्ला करून बंद पाडण्यात आलं. सात गुण म्हणजे 'चांगला गेम', आणि शस्त्रं सारखी मोडतात ही मुख्य तक्रार परीक्षणात स्वच्छ मांडलेली होती. म्हणजे वादासाठी चार गुण द्यावे लागतातच असं नाही. बाकीचे सगळे दहा देत असले तर सातही पुरतात. वाद तुमच्या हातात नसतोच, तर त्याची आखणी कशाला करायची?

गुण द्यायचेच असतील तर प्रत्येक आकड्याचा अर्थ आधी एका कागदावर उतरवा. ५ म्हणजे काय? ७ म्हणजे काय? कोणत्या दोषानं गुण तीनच्या खाली जातात? पहिल्या वीस परीक्षणांसाठी तो कागद बदलू नका. किंवा गुण देऊच नका, 'कुणी घ्यावा, कुणी घेऊ नये' एवढं स्पष्ट सांगा. नव्या चॅनेलसाठी मला दुसरा मार्ग बरा वाटतो. आकडा दिला की टिप्पण्यांत फक्त आकड्यावर भांडण होतं आणि वीस मिनिटांची मेहनत वाया जाते.

आता चुकांकडे येतो, कारण वादग्रस्त समीक्षकाची खरी परीक्षा तिथे होते. ऑगस्ट २०१७ मध्ये 'हेलब्लेड : सेनुआज सॅक्रिफाइस'ला स्टर्लिंग यांनी १० पैकी १ दिला, कारण एका ठिकाणी गेम पुढेच सरकेना. नंतर तो गुण मागे घ्यावा लागला. अनुभवी माणसाकडूनही हे होतं, कारण अडकलेल्या समीक्षकाला बग आणि स्वतःची नजरचूक सारखीच दिसतात : दार उघडत नाही, एवढंच त्याला कळतं. म्हणून 'गेम तुटला आहे' असं बोलण्याआधी पुढचा क्रम पाळा.

आधी सेव्ह फाइलची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये काढा आणि मगच काही करून बघा. बरेच गेम ऑटोसेव्हनं जुनी स्थिती पुसून टाकतात. मग गेम पूर्ण बंद करून सुरू करा, आधीच्या चेकपॉइंटवर जा. तरीही अडलं तर आधीच्या अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग दुप्पट वेगानं बघा. उचलायची राहिलेली वस्तू किंवा अर्धवट ऐकलेला संवाद बहुतेक वेळा तिथेच सापडतो. त्यानंतर दुसऱ्या कुणाला हेच दिसलंय का ते शोधा. गेम बाजारात आलेला नसेल तर प्रत पाठवणाऱ्या कंपनीच्या संपर्क व्यक्तीला तीस सेकंदांची क्लिप, आवृत्ती क्रमांक आणि तुमचं हार्डवेअर पाठवून विचारा, एक-दोन दिवस वाट बघा. उत्तर आलं नाही तर 'मी इथपर्यंत पोचलो, पुढे जाता आलं नाही' असं सांगून गुणांशिवाय व्हिडिओ टाका. कमी गुण आणि 'अपूर्ण' हे दोन वेगळे निकाल आहेत.

चूक निघालीच तर? यूट्यूबवर टाकलेल्या व्हिडिओची फाइल बदलता येत नाही, यूट्यूब स्टुडिओतून भाग कापणं, धूसर करणं असे मोजकेच बदल करता येतात. चूक किरकोळ असेल तर वर्णनात आणि पिन केलेल्या टिप्पणीत वेळेसकट दुरुस्ती लिहा. निष्कर्षच चुकला असेल तर शीर्षकातच तसं लिहा आणि नवा व्हिडिओ करा. जुना गुपचूप काढून टाकू नका. कुणाकडे तरी त्याची प्रत असतेच, आणि मग चर्चा चुकीऐवजी लपवाछपवीवर जाते.

यासाठी सगळं रेकॉर्ड झालेलं हवं. 'महत्त्वाचे भाग तेवढे रेकॉर्ड करतो' म्हणणाऱ्याकडे नेमका वादाचा भाग नसतो, कारण तो महत्त्वाचा ठरणार हे त्या वेळी ठाऊक नसतं. ओबीएस (स्क्रीन रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर फाइल एमकेव्ही या प्रकारात घ्या. वीज गेली किंवा गेम कोसळला तर साधी एमपी४ फाइल बहुतेक वेळा उघडतच नाही, एमकेव्ही तिथपर्यंतची शाबूत राहते. एडिटिंगच्या आधी ओबीएसमधूनच रीमक्स करून (म्हणजे चित्र-आवाज तसेच ठेवून फाइलचा प्रकार बदलून) एमपी४ करता येते, त्यात दर्जा घटत नाही. गेमचा आवाज एका ट्रॅकवर, माइक दुसऱ्यावर, असं वेगळं ठेवा. याचा उपयोग कॉपीराइटच्या भागात कळेल. फ्रेमरेट स्थिर ६० हवा. फोनवर किंवा काही शेअर सुविधांतून घेतलेल्या व्हिडिओत तो बदलता असतो आणि लांब क्लिपमध्ये आवाज हळूहळू चित्राच्या मागे-पुढे होतो. प्लेस्टेशनवर कॅप्चर कार्डात काळा पडदा आला तर सेटिंगमध्ये एचडीसीपी (नक्कल रोखणारं संरक्षण) बंद करा. रंग फिकट, धुतल्यासारखे दिसले तर एचडीआर बंद करा.

जागेचा हिशेब सोपा आहे. २० एमबीपीएस बिटरेटला तासाला साधारण ९ जीबी, ४० ला १८. वीस तासांचा गेम २० एमबीपीएसवर १८० जीबी खातो. व्हिडिओ टाकल्यावर लगेच पुसू नका. मी तीन महिने ठेवायला सांगतो, कारण तक्रारी बहुधा पहिल्या काही आठवड्यांत येतात. नंतर व्हिडिओत वापरलेले आणि वादाचे तुकडे ठेवून बाकीचे काढा. सोबत एक साधी नोंदवही : तारीख, गेमची आवृत्ती, किती तास झाले, काय खटकलं, कोणत्या फाइलच्या कितव्या मिनिटाला. प्रकाशनाच्या दिवशीच्या पॅचनं (दोष दुरुस्त करणाऱ्या अपडेटनं) बराच काही फरक पडतो. तुम्ही टीका केलेला दोष पॅचनंतर गेलेला असेल आणि आवृत्ती क्रमांक तुमच्याकडे नसेल, तर तुम्ही खोटारडे ठरता.

कॉपीराइटकडे वळू. इथे दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. कंटेंट आयडी क्लेम ही स्वयंचलित जुळणी आहे. सिस्टिमला तुमच्या व्हिडिओत कुणाचं तरी गाणं किंवा दृश्य सापडतं, आणि जाहिरातीचा पैसा त्यांच्याकडे जातो किंवा व्हिडिओ अडवला जातो. त्यानं स्ट्राइक लागत नाही. स्ट्राइक लागतो तो कुणी कायदेशीर मागणी करून व्हिडिओ काढायला लावला तर. तो ९० दिवसांनी जातो, मात्र यूट्यूबचा कॉपीराइटचा छोटा धडा पूर्ण करावा लागतो. त्या ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनेल बंद होऊ शकतं.

क्लेमवर हरकत घेतली की समोरच्याकडे ३० दिवस असतात. तो गप्प राहिला तर क्लेम सुटतो. क्लेम आल्यापासून पाच दिवसांत हरकत घेतलीत तर त्या काळातला जाहिरातीचा पैसा बाजूला ठेवला जातो आणि शेवटी जिंकणाऱ्याला मिळतो, उशीर केलात तर मधले दिवस गेले. हरकत फेटाळली तर अपील करता येतं, त्यावर उत्तर द्यायला समोरच्याला ७ दिवस. पण अपिलानंतर तो व्हिडिओ काढण्याची मागणी करू शकतो, आणि ती मान्य झाली की स्ट्राइक लागतो. म्हणून अपील करण्याआधी थांबून विचार करा : आधीचे स्ट्राइक किती आहेत आणि या व्हिडिओतला तो तुकडा खरंच टीकेसाठी वापरलाय का?

स्ट्राइक आलाच तर तीन वाटा : ९० दिवस थांबणं, समोरच्याला मागणी मागे घ्यायला सांगणं, किंवा प्रतिसूचना, म्हणजे व्हिडिओ चुकीनं काढला असं कायदेशीररीत्या कळवणं. प्रतिसूचनेनंतर समोरच्याला कामकाजाच्या १० दिवसांत न्यायालयात गेल्याचा पुरावा द्यावा लागतो, नाहीतर व्हिडिओ परत येऊ शकतो. मात्र प्रतिसूचनेत तुमचं खरं नाव आणि पत्ता असतो आणि तो समोरच्याला जातो. अमेरिकेबाहेरच्या माणसाला तिथल्या न्यायालयाचं अधिकारक्षेत्रही मान्य करावं लागतं. रागाच्या भरात दाबायचं हे बटण नव्हे.

ऑक्टोबर २०१३ मध्ये यूट्यूबवरचे समीक्षक जॉन बेन म्हणजे टोटलबिस्किट यांनी 'डे वन : गॅरीज इन्सिडेंट' या गेमवर केलेला टीकेचा व्हिडिओ तो बनवणाऱ्या वाइल्ड गेम्स स्टुडिओनं कॉपीराइटच्या नावाखाली काढायला लावला. त्यावर एवढी ओरड झाली की कंपनीला मागणी मागे घ्यावी लागली. बेन यांच्याजवळ तेव्हा मोठा प्रेक्षक होता. तुमच्याकडे तो नाही, म्हणून तुमचा भर ओरडण्यावर नको, कागदावर हवा.

तो कागद म्हणजे तुमचा व्हिडिओच. अमेरिकेत 'फेअर यूज' ठरवताना चार गोष्टी पाहतात : वापर कशासाठी, मूळ कलाकृती कशी, किती भाग घेतला आणि मूळच्या बाजारावर काय परिणाम झाला. ब्रिटनसारख्या देशांत टीका आणि परीक्षणासाठी 'फेअर डीलिंग' आहे, तिथे मूळ कलाकृतीचा उल्लेख करावा लागतो. एडिटिंगच्या टेबलावर याचा अर्थ एवढाच, की पडद्यावर जे दिसतंय त्याबद्दलच आवाज बोलत असला पाहिजे. लढाईच्या यंत्रणेवर बोलताना मागे दहा मिनिटं भलतंच कटसीन (गेममधला नुसता बघायचा प्रसंग) चालू असेल तर ते परीक्षण राहत नाही, नुसती सजावट होते. मी साधारण पाच ते पंधरा सेकंदांचे तुकडे घ्यायला सांगतो, बोलणं थांबवून संपूर्ण कटसीन कधीच नको. ही मर्यादा कायद्यात लिहिलेली नाही, कामाची शिस्त म्हणून पाळायची.

प्रत्यक्षात सगळ्यात जास्त क्लेम संगीतामुळे येतात. गेम बनवणाऱ्या कंपनीला काही म्हणायचं नसतं, पण गेममधल्या रेडिओवरचं गाणं दुसऱ्याच्या मालकीचं असतं. 'सायबरपंक २०७७'सारख्या गेममध्ये अशी गाणी बंद करण्याची सोय सेटिंगमध्ये असते. नसेल तर संगीताची पट्टी शून्यावर आणा. संगीताबद्दल बोलायचं असेल तेव्हा थोडा वेळ ती चालू करून वेगळं रेकॉर्डिंग करा. ट्रॅक वेगळे असले तर क्लेम आल्यावर फक्त गेमचा आवाज बदलून व्हिडिओ पुन्हा तयार करता येतो, सगळं बोलणं नव्यानं रेकॉर्ड करावं लागत नाही. क्रॉशॉ यांच्या मालिकेत पिवळ्या पार्श्वभूमीवरची साधी चित्रं आणि वेगवान निवेदन एवढंच असायचं, गेमप्ले जवळजवळ नाही. त्यामुळे हा सगळा त्रास मुळातच कमी होतो, फक्त लिखाण तेवढं भक्कम लागतं.

स्टर्लिंग यांची 'कॉपीराइट डेडलॉक' ही २०१६ मधली युक्तीही प्रसिद्ध आहे : मुद्दाम अनेक मालकांचे तुकडे एका व्हिडिओत घालायचे, म्हणजे सगळे क्लेम करतील आणि कुणालाच जाहिराती लावता येणार नाहीत. गमतीशीर आहे, पण जाहिरातींवर न जगणाऱ्याचीच ही चैन. तुम्ही नक्कल केलीत तर सगळ्या मालकांशी एकदम गाठ पडेल.

कॉपीराइट संपला की बदनामी. 'द स्लॉटरिंग ग्राउंड्स' या गेमवरच्या टीकेपासून तो बनवणारी डिजिटल होमिसाइड ही कंपनी आणि स्टर्लिंग यांचं भांडण सुरू झालं, मार्च २०१६ मध्ये ॲरिझोनात स्टर्लिंग यांच्यावर एक कोटी डॉलरहून अधिक रकमेचा दावा दाखल झाला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये तो पुन्हा दाखल करता येणार नाही अशा रीतीनं निकालात निघाला. निकाल चांगला, पण दरम्यान वर्षभर वकिलाचं मीटर चालू होतं.

इथे जपायची गोष्ट म्हणजे मत आणि आरोप यांतला फरक. 'हा गेम मला आळशीपणानं बनवल्यासारखा वाटतो' हे मत. 'यांनी चित्रं चोरली' हा आरोप, त्याला पुरावा लागतो. पुरावा असेल तर निष्कर्ष सांगायच्या आधी तो दाखवा : 'हे गेममधलं चित्र, हे विक्रीला असलेल्या संचातलं चित्र, दोन्ही शेजारी ठेवतो.' बाकीचं प्रेक्षक बघेल. आणि विकत घेतलेले तयार भाग वापरणं म्हणजे चोरी नव्हे. परवाना घेऊन ते वापरता येतात, तक्रार फार तर त्यांच्या वापरातल्या निष्काळजीपणाची असू शकते. स्क्रिप्ट लिहून झाल्यावर 'फसवणूक', 'चोरी', 'खोटं', 'लाच' हे शब्द शोधा आणि प्रत्येकासमोर पुरावा लिहा. रिकामी जागा राहिली तर शब्द काढा. कंपनीवर बोला, पण तिथल्या एखाद्या कर्मचाऱ्याच्या मागे प्रेक्षकांना लावू नका. छोट्या गेममागे कधीकधी एकच माणूस असतो, तिथे हे दुप्पट लागू.

पैशांचा मुद्दा थोडक्यात घेतो, पण तो कमी महत्त्वाचा नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये समीक्षक जेफ गर्स्टमन यांना गेमस्पॉट या संकेतस्थळानं काढून टाकलं. 'केन अँड लिंच' या गेमला त्यांनी ६ गुण दिले होते आणि त्याच गेमच्या जाहिराती संकेतस्थळावर ठळकपणे झळकत होत्या. गोपनीयतेच्या करारामुळे या घटनेवर ते उघड बोलू शकले ते थेट २०१२ मध्ये. जाहिरातदारच विषय असला की हे होणारच. म्हणून स्टर्लिंग यांचं प्रेक्षकांच्या वर्गणीकडे जाणं मला कुठल्याही वादापेक्षा निर्णायक वाटतं. पण ते आठ-नऊ वर्षांच्या लेखनानंतर झालं, आठ व्हिडिओंनंतर नव्हे. यूट्यूबच्या जाहिरातींसाठी १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात पाहण्याचे ४००० तास लागतात, तोवर उत्पन्न शून्य धरूनच चाला.

फुकट प्रत किंवा पैसे घेतले असतील तर ते व्हिडिओत पहिल्या मिनिटातच बोलून सांगा. २०१४ मध्ये 'शॅडो ऑफ मॉर्डॉर' या गेमच्या प्रसिद्धीसाठी वॉर्नर ब्रदर्सनं यूट्यूबरना पैसे दिले होते. तो उल्लेख वर्णनाच्या चौकटीत 'आणखी दाखवा'च्या खाली दडलेला राहिला, आणि प्रकरण अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपर्यंत गेलं. प्रत घेताना अटी वाचा. तारखेपर्यंत न बोलण्याची अट, म्हणजे एम्बार्गो, रास्त आहे. कोणतं फुटेज वापरायचं हे कंपनी ठरवणार असेल तर सावध व्हा. 'सायबरपंक'च्या वेळी समीक्षकांना फक्त पीसीची प्रत मिळाली आणि प्रकाशनापर्यंत स्वतःचं फुटेज दाखवायला बंदी होती. कन्सोलवरची दुर्दशा ग्राहकांना पैसे दिल्यावर कळली. अशी अट मान्य केलीत तर व्हिडिओत ती अटही सांगा. परखड बोललात तर प्रती मिळणं बंद होऊ शकतं. गेमच्या बातम्या देणाऱ्या कोटाकूनं २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की बेथेस्डा आणि युबिसॉफ्ट या गेम कंपन्यांनी त्यांच्याशी संपर्कच तोडला आहे. नव्या चॅनेलला तसंही कुणी प्रत पाठवत नाही, त्यामुळे विकत घेऊन आठवड्यानं परीक्षण करायची सवय लावा. पहिल्या दिवसाच्या गर्दीत तुमचा व्हिडिओ वर येण्याची शक्यता फार नाही. आठवड्यानंतर निदान 'पॅचनंतरही हा दोष आहे' असं तुम्हाला सांगता येतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. तुमच्या देशातला बदनामीचा कायदा अमेरिकेपेक्षा कडक असू शकतो. नोकरीच्या करारात जाहीर वक्तव्यावर बंधन असेल तर तेही बघा. आठवड्याला सहाच तास मिळत असतील तर चाळीस तासांच्या गेमचं परीक्षण महिन्याला एकही होणार नाही. मग तीन-चार तासांचे छोटे गेम निवडा. साप्ताहिक ठरावीक दिवस पाळणं स्टर्लिंग आणि क्रॉशॉ यांना जमलं, कारण त्यांचं स्वरूप त्यांना झेपणारं होतं.

आणि कुणी बघत नाही याचं कारण गुण नसून आवाज असू शकतो. यूट्यूब स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओचा प्रेक्षक टिकण्याचा आलेख उघडा आणि तिसाव्या सेकंदाला किती लोक उरतात ते पाहा. तिथेच निम्म्याहून जास्त गळत असतील तर त्यांनी तुमचं मत ऐकलेलंच नाही, मग ते तिखट असो की गोड. माइक तोंडापासून १० ते १५ सेंटिमीटरवर, जरासा बाजूला. संपूर्ण मिश्रण उणे १४ एलयूएफएस (आवाजाच्या सरासरी पातळीचं एकक) च्या आसपास, शिखर उणे १ डेसिबलच्या आत. आवाजाखालचं संगीत निवेदनापेक्षा १८-२० डेसिबलनं कमी. लोगोची ॲनिमेशन आणि 'नमस्कार मित्रांनो' काढून पहिल्याच वाक्यात गेमबद्दलचा सर्वांत ठाम मुद्दा त्याच्या फुटेजसकट ठेवा.

नवव्या व्हिडिओसाठी माझी सूचना : तुम्हाला मनापासून आवडलेला, पण फारसा कुणी न खेळलेला एक छोटा गेम घ्या आणि वरच्या पद्धतीनं त्याचं परीक्षण करा. दहाव्यासाठी लोकांना आवडलेला, तुम्हाला न पटलेला. दोन्हींसाठी गुणांचा कागद एकच. दहाव्यावर कुणी भांडायला आलं तर त्याला नववा दाखवता येईल, आणि दहाव्याचं फुटेज तीन महिने डिस्कवर राहू द्या.